वर्गणी, देणगी आणि सेल्समन: दारावर येणाऱ्यांशी कसं वागावं

श्रावण लागला की आमच्या डोंबिवलीत दारावरच्या बेलला उसंत मिळत नाही. आधी दहीहंडीवाले, मग गणपतीचे, मग नवरात्राचे. त्यांच्या अधूनमधून अनाथाश्रमाची पावतीपुस्तकं, पाण्याच्या मशीनचा डेमो, गॅसची शेगडी ‘चेक’ करायला आलेले आणि पितळी भांडी चकाचक करून देणारे. सोसायटीची सेक्रेटरी असताना मी दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी ऐकली आहेत. कुणी म्हणे, अमक्याने हजाराची पावती फाडूनच हातात दिली. कुणी म्हणे, वॉचमनने माझ्या ओळखीच्या माणसाला गेटवरूनच हाकललं.

एवढं ऐकल्यावर माझं मत पक्कं झालंय की माणसं दारात फसतात ती अज्ञानामुळे कमी आणि भिडेमुळे जास्त. समोर उभ्या असलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जड जातं, आणि दारावरचा सगळा धंदा या जडपणावर चालतो. म्हणून खाली जे काही लिहिलंय त्याच्या मुळाशी एकच नियम आहे: निर्णय दारात घ्यायचा नाही. एक तर तो आधीच घेऊन ठेवायचा, नाहीतर माणूस गेल्यावर सावकाश घ्यायचा.

आधी घरात ठरवा

पाडव्याच्या सुमारास घरातल्या सगळ्यांनी बसून वर्षभरात दारावर किती द्यायचं ते ठरवावं. आपल्या परिसरातल्या सणांना किती, मनापासून पटलेल्या एकदोन संस्थांना किती, आणि ऐनवेळच्या गरजेसाठी बाजूला किती. आकडा कितीही असो, तो घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. वडील शंभरावर अडून बसलेत आणि आतून सूनबाई पाचशेची नोट घेऊन आल्या, असं झालं की पुढच्या वर्षी पाचशेपासूनच सुरुवात होते.

दिवाळीची पोस्तही यातच धरा. वर्षभर जिना झाडणारी बाई, कचरा नेणारा, पोस्टमन, वॉचमन यांची पोस्त हक्काची आहे, ती हसतमुखाने द्यावी. पण दिवाळीच्या आठवड्यात ‘आम्ही टेलिफोनवाले’, ‘आम्ही ड्रेनेजवाले’ म्हणत अनोळखी चेहरे उगवतात. वर्षभरात ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही, त्याला पोस्त नाही, इतकं साधं ठेवा.

वासुदेव, नंदीबैलवाला, जोगवा मागणारी हे या हिशेबात बसत नाहीत आणि बसवूही नयेत. पसाभर धान्य किंवा दहावीस रुपये द्यावेत, नसेल द्यायचं तर हात जोडावेत. तेही पुढच्या दाराला जातात. एकच पथ्य पाळा: ‘घरावर करणी आहे, उतारा करावा लागेल’ अशी भाषा कुणाच्याही तोंडून आली की बोलणं तिथेच थांबवा. भीती घालून पैसे उकळणाऱ्या भोंदूंसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

दारातली पहिली दोन मिनिटं

जाळीचा दरवाजा बंद ठेवूनच बोला. यात उद्धटपणा काही नाही. बहुतेक सेल्समनना तशीच सवय असते. नाव काय, कुठून आलात, काम काय आणि ओळखपत्र कुठे, एवढं विचारा. खरा माणूस गळ्यातलं कार्ड स्वतःहून पुढे करतो. कार्ड नुसतं दिसलं म्हणून पुरत नाही, त्यावरचा फोटो आणि संस्थेचं नाव वाचा.

पाणी मागितलं तर जरूर द्या. उन्हातान्हात चार-चार मजले चढणाऱ्याला पाणी नाकारू नये. पण आत जाण्याआधी दाराला आतून कडी लावा. ‘जरा पाणी देता का’ म्हणत बाईला आत पाठवायचं आणि दाराजवळचा मोबाइल किंवा पर्स उचलायची, ही जुनी चाल आहे.

काही उत्तरं मात्र टाळा. ‘साहेब घरी नाहीत’ म्हणजे मी एकटी आहे, हे आपणच सांगून टाकतो. ‘आत्ता सुट्टे नाहीत’ म्हटलं की समोरून क्यूआर कोड पुढे येतो. ‘नंतर या’ म्हटलं तर तो खरंच येतो, आणि देण्याचा विचारच नसेल तर त्या बिचाऱ्याची खेप आपण फुकट घालवतो. कारण दिलं की त्याला उत्तर मिळतं, म्हणून कारण देऊच नये. ‘आम्ही दारावर काही घेत नाही आणि देत नाही, धन्यवाद’ हे एक वाक्य शांतपणे म्हणायचं. पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ क्वचित येते.

मंडळाची वर्गणी

सगळ्यात नाजूक प्रकरण हेच. सेल्समन पुन्हा दिसणार नाही, मंडळाची पोरं मात्र रोज नाक्यावर भेटतात. रात्री उशिरा रिक्षा मिळत नसते तेव्हा, किंवा घरात कुणाला रक्त लागतं तेव्हा तीच पोरं धावून येतात, हेही खरं. म्हणून सरसकट दार लावून घेणं मला पटत नाही. पण वर्गणी ही स्वेच्छेची असते. ती कर नव्हे, आणि आकडा ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याचा.

पहिली गोष्ट, मंडळ कुठलं आहे ते बघा. आपल्या गल्लीतलं, आपण ज्याच्या आरतीला जातो ते, की तीन चौक पलीकडचं? एका घरामागे एकाच मंडळाची वर्गणी, असा नियम बहुतेक घरांना पेलतो. बाकीच्यांना ‘आमची वर्गणी आमच्या गल्लीच्या मंडळाला असते’ एवढं सांगितलं तरी पुरतं. हे वाक्य कार्यकर्त्यांना लगेच कळतं, कारण त्यांच्यातही हद्दी असतात.

दुसरी गोष्ट परवानगीची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणी नसलेल्या मंडळाला धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. कायद्यात हे कलम ४१सी. गणेशोत्सवाच्या आधी ही तात्पुरती परवानगी ऑनलाइन अर्ज करून मिळते. तेव्हा ‘यंदाचं परवानगीपत्र आहे ना? व्हॉट्सॲपवर पाठवा, सोसायटीच्या ग्रुपवर टाकते’ असं सहज स्वरात विचारायला हरकत नाही. ज्या मंडळाचे कागद नीट आहेत ते अभिमानाने पाठवतात. ज्यांचे नाहीत ते पुढच्या वेळी जरा जपून बोलतात.

तिसरी गोष्ट पावती. पावतीवर मंडळाचं नाव, पत्ता, परवानगी किंवा नोंदणीचा क्रमांक, छापील अनुक्रमांक आणि घेणाऱ्याची सही हवी. आकडा शाईने लिहिलेला असावा, आणि स्थळप्रतीवर तोच आकडा आलाय का हे तिथल्या तिथे बघावं. आपल्याला न विचारता आकडा घालून आधीच फाडलेली पावती हातात दिली, तर ती हातात घेऊच नका. ‘ही रद्द करा, माझा आकडा अमुक’ म्हणा. एकदा पावती खिशात गेली की वाटाघाट संपली.

शक्य असेल तर पैसे मंडळाच्या बँक खात्यात द्या. क्यूआर स्कॅन केला की रक्कम टाकण्याआधी नाव दिसतं. तिथे मंडळाऐवजी कुणा एका कार्यकर्त्याचं नाव आलं तर थांबा आणि खजिनदाराला फोन लावा. मंडळाचं खातंच नसेल तर रोख द्या, पण पावतीशिवाय नाही.

आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय सांगते. सोसायटीने श्रावणाआधी सभासदांकडून ऐच्छिक रक्कम गोळा करावी आणि परिसरातल्या ठरलेल्या मंडळाला सोसायटीच्या नावाने एकच चेक द्यावा. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव कुठेही उघड होऊ नये. मेंटेनन्सच्या बिलात वर्गणी घुसवणं हा तर शुद्ध आगाऊपणा, आणि त्यावरून पुढे वार्षिक सभेत होणारी भांडणं कुणालाच परवडत नाहीत. चेक देताना मंडळाच्या अध्यक्षांना चहाला बोलवा, फोटो काढा आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर टाका. मग कार्यकर्ते फ्लॅटोफ्लॅटी फिरत नाहीत. फिरलेच तर ‘सोसायटीकडून दिलंय’ हे उत्तर तयार असतं.

दमदाटी झाली तर गोष्ट वेगळी. ‘बघून घेतो’, ‘गाडी कुठे लावता माहितेय’ असली वाक्यं आली की ती वर्गणी राहत नाही, खंडणी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खंडणीचं कलम ३०८ आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे. दारात कायदा बोलून दाखवू नका, त्याने फक्त आवाज चढतात. ‘घरात विचारून सांगते’ म्हणा, दार लावा आणि मग ११२ला फोन करा. दुकानदारांना हा त्रास घरांपेक्षा जास्त होतो. त्यांनी एकेकट्याने लढण्यापेक्षा व्यापारी संघटनेच्या नावाने पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. गणपतीआधी पोलीस मंडळांच्या बैठका घेतात, तेव्हा दिलेला अर्ज वाचला जातो.

संस्थेसाठी देणगी

गळ्यात कार्ड, हातात मुलांच्या फोटोंचं लॅमिनेट केलेलं पान आणि पावतीपुस्तक. खरी संस्था आणि बनावट संस्था दोघी अशाच दिसतात. फरक पावतीवरच्या आकड्यांत असतो.

महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत न्यासाच्या क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर असतं आणि पुढे जिल्हा. ‘ए’ हिंदू न्यासांसाठी, ‘बी’ मुस्लिम, ‘सी’ पारशी, ‘ई’ कुठल्याही एका धर्माच्या नसलेल्या न्यासांसाठी आणि ‘एफ’ १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आलेल्या संस्थांसाठी. म्हणजे अनाथाश्रम चालवणाऱ्या संस्थेच्या पावतीवर साधारणपणे ‘ई’ किंवा ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक आणि कंसात पुणे, ठाणे असं काही दिसायला हवं. नुसतंच ‘शासनमान्य’ असं लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. क्रमांकाचा फोटो काढा आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर शोधा. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या पोर्टलवरही संस्थेचं नाव घालून बघता येतं. दर्पणवर नाव असणं म्हणजे सरकारने काम तपासून दिलेला दाखला नव्हे, पण तिथे पदाधिकाऱ्यांची नावं कळतात.

मग संस्थेचा फोन नंबर शोधून फोन करा. पावतीवरच्या नंबरवर करू नका, तो त्याच माणसाच्या मित्राचा असू शकतो. ‘आज आमच्या भागात तुमचे प्रतिनिधी आलेत का?’ एवढं विचारलं की बहुतेक प्रकरणांचा निकाल लागतो. ज्या संस्था कधीच दारोदार माणसं पाठवत नाहीत, त्यांच्या नावानेही पुस्तकं छापली जातात.

मोठ्या, नावाजलेल्या संस्थांचे तरुण प्रतिनिधी येतात, ते वेगळं. ही मुलं बहुतेकदा निधी गोळा करणाऱ्या एजन्सीच्या पगारावर असतात. त्यात गैर काही नाही. पण त्यांना एकदाची देणगी नको असते, तुमच्या खात्यातून दरमहा आपोआप कापली जाणारी रक्कम हवी असते. टॅबवर सही करण्याआधी रक्कम किती, किती वर्षं आणि बंद कशी करायची हे वाचा. आवडली संस्था, तर रात्री घरी बसून तिच्या संकेतस्थळावरून द्या. तितकेच पैसे संस्थेला पोचतात आणि तुमची माहिती अनोळखी टॅबवर राहत नाही.

‘८०जी मिळेल’, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल, हे आमिष नेहमीचंच. त्याबद्दल एवढं ध्यानात ठेवा: दोन हजारांवर रोख दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही, धान्य किंवा कपड्यांवर तर नाहीच. नव्या करप्रणालीत असाल तर या वजावटीचा विषयच संपला. आणि सवलत घ्यायची असेल तर संस्थेकडून १०बीई नावाचं प्रमाणपत्र यावं लागतं, नुसती पावती चालत नाही. त्यासाठी संस्था तुमचा पॅन मागणारच. पण तो दारात, वहीच्या कोऱ्या पानावर लिहून देऊ नका.

लष्करासाठीच्या ध्वजदिन निधीच्या नावाने कुणी आलं (७ डिसेंबरला हा दिवस असतो), तर देण्याची सगळ्यात सरळ जागा म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

विकायला आलेले

इथे दोन करामती सविस्तर सांगते, कारण त्या अजून चालतात.

पहिली पाण्याची. सेल्समन दोन ग्लास मागतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ मशीनचं. दोन्हीत धातूच्या दांड्या असलेलं विजेचं उपकरण बुडवतो आणि मिनिटभरात नळाचं पाणी तांबूस-काळं, गाळाने भरलेलं दिसतं. घरातली मुलंही घाबरतात. तो गाळ पाण्यातला नसतो, उपकरणातल्या लोखंडी दांडीचा असतो. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते आणि दांडी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काही होत नाही. पडताळा सोपा आहे: आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि तोच प्रयोग पुन्हा करायला सांगा. ते पाणीही तितकंच घाण होतं. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी हे केल्यावर पोराने मुकाट्याने सामान आवरलं.

टीडीएस मीटरचंही तसंच. मीटर फक्त क्षार मोजतो, जंतू नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस योग्य धरतात, दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात. धरणाचं किंवा नदीचं पाणी येणाऱ्या शहरांत आकडा बहुधा यापेक्षा खूप खाली असतो आणि आरओची गरजच नसते. बोअरवेलचं पाणी असेल तर मात्र विचार करावा, आणि आधी प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी.

दुसरी करामत पॉलिशची, आणि ती महागात पडते. दोघे जण पावडरची पाकिटं घेऊन येतात. आधी तांब्या-पितळेचं भांडं घासून लखलखीत करतात. मग चांदीचे पैंजण. विश्वास बसला की मंगळसूत्र किंवा पाटल्या मागतात. दागिना द्रावणात बुडतो, चमकतो आणि वजनाने हलका होऊन परत येतो. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात सोनं विरघळतं, आणि ते द्रावण घेऊन ही मंडळी पसार होतात. कधी कधी दागिने हळदीसह डब्यात घालून ‘पंधरा मिनिटं उघडू नका’ असं सांगतात आणि डब्यात काहीच नसतं. दारावर सोनं पॉलिश करणारा प्रामाणिक कारागीर असतो का, या वादात मी पडत नाही. सोनं सराफाच्या दुकानात, आपल्या डोळ्यांसमोर, आधी आणि नंतर वजन करून. बस.

बाकी विक्रेत्यांसाठी २०२१चे थेट विक्रीचे नियम माहीत असू द्या. थेट विक्री करणाऱ्या कंपनीच्या माणसाने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी येऊ नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. माल आवडलाच तर जीएसटी बिल, परत करण्याची मुदत आणि कंपनीचा पत्ता लेखी घ्या. ‘ऑफर आजच संपते’ असं ऐकलं की ती उद्याही असते हे गृहीत धरा. ॲडव्हान्स देऊन माल मिळाला नाही किंवा बिघडलेला निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

ज्यांना दार उघडायचं ते

या सगळ्या सावधगिरीत एक वर्ग उगाच भरडला जातो. आशा सेविका, पोलिओच्या डोसासाठी येणाऱ्या ताई, मतदार यादीचं काम करणारे केंद्रस्तरीय अधिकारी, जनगणनेचे प्रगणक. यांना ‘सेल्समनना प्रवेश नाही’ची पाटी दाखवून वॉचमन परत पाठवतो आणि मग आपलं नाव यादीत नाही म्हणून आपणच ओरडतो. ओळखपत्र बघा, खुर्ची द्या, माहिती द्या. ते पैसे मागत नाहीत आणि ओटीपीही मागत नाहीत. कुणी मागितला तर तो यांच्यातला नव्हे.

गॅस तपासायला आलो म्हणणाऱ्याला मात्र उंबऱ्यावरच थांबवा आणि आपल्या वितरकाच्या ऑफिसला फोन करा. नंबर सिलिंडरच्या पावतीवर असतो. खरा मेकॅनिक थांबतो. तोतया ‘ट्यूब एक्स्पायर झालीय, स्फोट होईल’ म्हणत दुप्पट किमतीत ट्यूब आणि लायटर गळ्यात मारतो. गॅसचा वासच येत असेल तर दारावरच्याची वाट बघू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि १९०६ला कळवा. वीजबिल थकल्याचं सांगत दारात पैसे मागणाऱ्याच्या बाबतीत महावितरणचा १९१२ हा नंबर आहे.

सोसायटीने काय करावं

सोसायटीत नुसती पाटी लावून भागत नाही. कमिटीने ठराव करून तीन गोष्टी ठरवाव्यात. विक्रेत्याला सभासदाने स्वतः बोलावलं असेल तरच वर सोडायचं. देणगीवाल्यांनी आधी सोसायटीच्या ऑफिसात कागद दाखवायचे. आणि सरकारी कर्मचाऱ्यांना अडवायचं नाही. वॉचमनला हे मराठीत किंवा त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहून द्या. फोन न उचलणाऱ्या फ्लॅटबद्दल काय करायचं तेही लिहा, कारण सगळे घोळ तिथेच होतात. मायगेटसारखं ॲप असेल तर उत्तम. नसेल तर नाव, मोबाइल, कुठल्या फ्लॅटला आणि येण्या-जाण्याची वेळ एवढे रकाने असलेली वही पुरते. मोबाइल नंबर लिहून झाल्यावर वॉचमनने एक मिस्ड कॉल द्यावा. खोटा नंबर लगेच उघडा पडतो.

विक्रेत्यांना अगदी तोडायचं नसेल तर महिन्यातल्या एका रविवारी गेटजवळ टेबल लावू द्या आणि त्याचं भाडं घ्या. ज्याला बघायचं तो खाली येतो, बाकीच्यांची झोपमोड होत नाही.

एकटे राहणारे आजी-आजोबा असतील त्यांच्यासाठी शेजारच्या एका घराची जबाबदारी ठरवून द्या. दारावर कुणी आलं की आजींनी आधी त्या घरी फोन करायचा, मग दार. घरकामाच्या मावशींनाही सांगून ठेवा की मालक नसताना पार्सलखेरीज कुणाशीही व्यवहार करायचा नाही.

फसलाच तर

लाजून गप्प बसू नका. बिल्डिंगमध्ये त्याच दिवशी तीन घरं फसलेली असतात आणि तिघंही एकमेकांपासून लपवत असतात. माणूस गेल्याबरोबर त्याचं वर्णन, वेळ, गाडीचा नंबर आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण जुनं आपोआप पुसलं जातं, म्हणून कमिटीला त्याच दिवशी ते उतरवून घ्यायला सांगा. यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३०ला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. दागिने किंवा रोख गेली असेल तर सरळ पोलीस ठाणे गाठा आणि तक्रारीची प्रत मागून घ्या. खोटं पावतीपुस्तक असेल तर एक अर्ज धर्मादाय आयुक्त कार्यालयालाही द्या, सोबत पावतीची झेरॉक्स जोडून. मूळ पावती पोलिसांना लागते, ती दुसऱ्या कुणालाही देऊ नका.